लिलीपाँडमध्ये स्वरलिपी लिहिताना येणाऱ्या अडचणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिलीपाँड हे पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची स्वरलिपी) छापण्याचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवेनहाउझन या दोघांनी ते १९९६ मध्ये नेदरलँड्समध्ये लिहायला घेतले. यात माउसने स्वर उचलून रेघांवर ठेवायचे नसतात. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये स्वर, मात्रा आणि खुणा लिहायच्या, आणि त्यावरून सॉफ्टवेअर पीडीएफ तयार करते. या पानावर आज्ञांची आणि स्वरांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन अक्षरांत लिहावीत, अंक इंग्रजी वापरावेत आणि प्रत्येक आज्ञेच्या आधी बॅकस्लॅश द्यावा.

फाइल चालवली की चुकांची भलीमोठी यादी येते. सुरुवात कुठून करावी?

पहिल्या चुकीपासून, आणि फक्त तिच्यापासूनच. एखादा महिरपी कंस बंद करायचा राहिला, तर त्याच्यापुढचा सगळा मजकूर सॉफ्टवेअरला अनाकलनीय होतो आणि एका चुकीपोटी वीस-पंचवीस तक्रारी छापल्या जातात. प्रत्येक तक्रारीत फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक आणि त्या ओळीतील अक्षराचे स्थान दिलेले असते. मात्र चूक नेमकी त्याच जागी असेल असे नाही, कारण सॉफ्टवेअर जिथे अडखळले ती जागा ते सांगते, आणि मूळ दोष बहुधा त्याच्या थोडा आधी असतो.

तक्रार कोणत्या टप्प्यावर आली तेही पाहावे. मजकूर वाचण्याच्या टप्प्यावर आलेली तक्रार लेखनाची असते : कंस, अवतरणचिन्ह किंवा आज्ञेचे चुकलेले स्पेलिंग. संगीताचा अर्थ लावण्याच्या टप्प्यावर आलेली तक्रार बहुतेक वेळा मात्रांची असते. एवढा भेद लक्षात आला तरी शोध निम्म्यावर येतो. तरीही चूक सापडली नाही, तर मजकुराचा अर्धा भाग टक्केवारीचे चिन्ह आणि महिरपी कंस वापरून टिप्पणीत टाकावा आणि फाइल पुन्हा चालवावी. चूक नाहीशी झाली, तर ती झाकलेल्या अर्ध्यात आहे. असे निम्मे-निम्मे करत गेल्यास शंभर बारांच्या (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खण) रचनेतला दोषी बार सात-आठ फेऱ्यांत हाती लागतो.

‘बारचेक फेल्ड अ‍ॅट १/२’ या इशाऱ्याचा अर्थ काय?

बारच्या शेवटी आपण उभी रेघ लिहितो, तिला बारचेक म्हणतात. ती कागदावर छापली जात नाही. ‘इथे बार पूर्ण झाला पाहिजे’ हे आपले म्हणणे सॉफ्टवेअरने पडताळून पाहावे, एवढ्यासाठीच ती असते. ती आली तेव्हा बार पूर्ण नसेल, तर त्या क्षणी बारचा किती भाग भरला होता ते इशाऱ्यात सांगितले जाते. चार-चारच्या (चार मात्रांच्या) बारमध्ये ‘१/२’ आले, तर बार अर्धाच भरला आहे. ‘१/४’ आले, तर तीन मात्रा कमी पडल्या असतील किंवा एक मात्रा जास्त होऊन पुढच्या बारमध्ये शिरली असेल.

याचे सर्वांत सामान्य कारण जवळून पाहू. पहिला बार असा आहे : ‘सी४ डी ई एफ८ जी’. तीन चतुर्थांश (एकेका मात्रेचे स्वर) आणि दोन अष्टमांश (अर्ध्या मात्रेचे) मिळून बार बरोबर भरतो. दुसऱ्या बारमध्ये चार चतुर्थांश हवे आहेत म्हणून आपण नुसते ‘ए बी सी डी’ लिहितो. परंतु लिलीपाँडमध्ये एकदा दिलेली लांबी पुढची लांबी देईपर्यंत कायम राहते. शेवटची लांबी आठची होती, म्हणून हे चारही स्वर अष्टमांश होतात आणि बार अर्धा राहतो. उपाय एका अंकाचा आहे : ‘ए४ बी सी डी’. प्रत्येक बारच्या पहिल्या स्वराला लांबी लिहायचीच, ती आधीसारखी असली तरीही, अशी सवय लावून घ्यावी. थोडे जास्त टंकावे लागते, पण या जातीच्या बहुतेक चुका मुळातच होत नाहीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एक बार अर्धा राहिला, की त्यापुढचे सगळे बार अर्ध्याने सरकलेले असतात, पण सरक तेवढीच राहिली तर सॉफ्टवेअर इशारा पुन्हा देत नाही. इशारा एकच आला म्हणजे बिघाडही एकाच बारपुरता आहे, असे समजू नये.

ओळ मोडतच नाही आणि संगीत कागदाच्या उजव्या कडेबाहेर जाते. समास कमी करून उपयोग होत नाही. काय करावे?

समासाला हात लावू नये, कारण दोष तिथे नाही. लिलीपाँड ओळ फक्त बारच्या रेघेवर मोडते, आणि तीही त्या रेघेवरून कोणताही स्वर पलीकडे जात नसेल तरच. एका स्वराची लांबी चुकली, की पुढचा प्रत्येक बार सरकतो, जवळजवळ प्रत्येक रेघेवर एखादा स्वर आडवा पडतो आणि सॉफ्टवेअरला ओळ मोडायला जागाच उरत नाही. म्हणून आधी प्रत्येक बारच्या शेवटी बारचेक घालावा आणि पहिला इशारा दुरुस्त करावा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच पान आपोआप नीट बसते.

मांडणीच्या तक्रारींपैकी बहुसंख्य तक्रारी अशा मात्रांच्या हिशेबातून येतात, असा माझा अनुभव आहे. जे कागदावर वाकडे दिसते ते मजकुरात आधीच वाकडे झालेले असते. रचना खरोखरच तालमुक्त असेल, उदाहरणार्थ आलापासारखी, तर ओळ जिथे मोडावी असे वाटते तिथे बार आज्ञेपुढे रिकामे अवतरणचिन्ह देऊन अदृश्य रेघ घालता येते.

सुरुवातीचा स्वर अर्ध्या बारवर येतो. त्यामुळे सगळे बार सरकतात का?

गाणे समेवर सुरू होत नसेल, तर पार्शल ही आज्ञा द्यावी आणि तिच्यापुढे त्या अपुऱ्या बारची लांबी लिहावी. एका चतुर्थांशाची उचल असल्यास ‘पार्शल ४’. सुरुवातीला विराम भरून बार पूर्ण करण्याची पद्धत टाळावी, कारण मग बारांचे क्रमांक चुकतात.

एक स्वर भलत्याच सप्तकात जातो आणि त्याच्यापुढचे सगळे स्वर त्याच्यामागे जातात. असे का?

आपण रिलेटिव्ह पद्धत वापरत आहात. या पद्धतीत प्रत्येक स्वर आधीच्या स्वराच्या जास्तीत जास्त जवळ, म्हणजे चार स्वरनावांच्या आत, ठेवला जातो. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘सा’नंतर ‘म’ लिहिला तर तो वरचा म येतो, कारण सा-रे-ग-म ही चौकडी आहे. मात्र ‘सा’नंतर नुसता ‘प’ लिहिला तर तो खालच्या सप्तकातला येतो, कारण सा-नी-ध-प हे अंतर वर जाण्यापेक्षा कमी आहे. वरचा प हवा असल्यास स्वरापुढे अपॉस्ट्रॉफी द्यावी. उलट एखादा स्वर आपोआप वरचा येत असेल आणि खालचा हवा असेल, तर स्वल्पविराम द्यावा. कोमल-तीव्र यांचा या मोजणीत विचार होत नाही, फक्त नाव मोजले जाते.

एकच खूण चुकली तरी पुढची सर्व रचना एका सप्तकाने हलते. म्हणून लांब रचनेत दर आठ-दहा बारांनी सप्तकाची तपासणी घालावी : स्वरापुढे बरोबरीचे चिन्ह देऊन त्याचे अपेक्षित सप्तक लिहिले, की फरक पडल्यास इशारा मिळतो. कोरसच्या चार आवाजांसाठी किंवा व्हायोलिनच्या उंच जागांसाठी काही जण रिलेटिव्ह न वापरता प्रत्येक स्वराचे सप्तक पूर्ण लिहितात. तेही योग्यच आहे. दोन्ही पद्धतींची एकाच भागात सरमिसळ मात्र करू नये.

मी डी मेजर ही की (ओळीच्या सुरुवातीची शार्प-फ्लॅटची खूण) दिली, तरी एफच्या आधी नॅचरलची, म्हणजे शुद्ध स्वराची, खूण छापली जाते. हा दोष आहे का?

दोष नाही. लिलीपाँडमध्ये आपण जो स्वर लिहितो तोच वाजणारा स्वर मानला जातो, आणि की फक्त तो कसा दाखवायचा हे ठरवते. डी मेजरमध्ये एफ शार्प हवा असेल, तर दर वेळी ‘फिस’ असेच लिहावे लागते. की आधीच दिलेली असल्याने शार्पची खूण छापली जाणार नाही, हे सॉफ्टवेअर स्वतः पाहते. नुसता ‘एफ’ लिहिला, तर आपल्याला शुद्ध एफ हवा आहे असे समजून ते नॅचरल छापते. पियानोवर वाचून वाजवणाऱ्यांना हे सुरुवातीला खटकते, पण याच नियमामुळे पट्टी बदलणे निर्धोक होते.

शार्पसाठी ‘इस’ आणि फ्लॅटसाठी ‘एस’ ही शेपटी डच भाषेतून आली आहे. लँग्वेज ही आज्ञा देऊन इंग्रजी नावे निवडता येतात. दो-रे-मी पद्धतीने सोलफेज शिकलेल्यांसाठी इटालियन आणि पोर्तुगीज नावेही आहेत. गोव्यात चर्चच्या संगीतशाळांतून आलेल्या वादकांना ती हाताला लगेच बसतात.

हिंदुस्थानी थाटांसाठी की कशी द्यावी?

भातखंडे यांच्या दहा थाटांपैकी सहा थाट लिलीपाँडमध्ये तयार आहेत, फक्त नावे ग्रीक वळणाची आहेत. बिलावलसाठी आयोनियन किंवा मेजर, खमाजसाठी मिक्सोलिडियन, काफीसाठी डोरियन, आसावरीसाठी एओलियन किंवा मायनर, भैरवीसाठी फ्रिजियन आणि कल्याणसाठी लिडियन वापरावे. ‘की सी डोरियन’ लिहिले, की षड्ज सी धरून काफी थाटाची खूण येते.

भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे चार थाट मात्र आपल्याला स्वतः सांगावे लागतात. सी हा षड्ज धरून सातही स्वर क्रमाने लिहायचे. स्वरांची गणती शून्यापासून सुरू होते, म्हणजे सा शून्य, रे एक, ग दोन, आणि तसेच पुढे नी सहा. भैरवसाठी एक आणि पाच या क्रमांकांना फ्लॅट, बाकीच्यांना नॅचरल. मारव्यासाठी एकला फ्लॅट आणि तीनला शार्प. पूर्वीसाठी एक आणि पाचला फ्लॅट, तीनला शार्प. तोडीसाठी त्यात दोनचाही फ्लॅट मिळवायचा. या यादीला ‘भैरव’ असे (रोमन लिपीत) नाव दिले, की ते मेजर-मायनरसारखेच कोणत्याही षड्जावर वापरता येते आणि पट्टी बदलल्यावर बरोबर सरकते. एकाच ओळीत शार्प आणि फ्लॅट दोन्ही दिसल्यावर पाश्चात्त्य वादक क्षणभर थबकतात, म्हणून पहिल्या पानावर थाटाचे नाव छापावे.

श्रुतींचा सूक्ष्म भेद, मींडेची वाट आणि कणस्वरांचे वजन स्टाफवर पूर्ण उतरत नाही. स्लर (अनेक स्वर जोडणारी कमान) आणि ग्रेस नोट (छोटा कणस्वर) यांनी जेवढे सांगता येते तेवढेच सांगावे, आणि उरलेले गुरूंकडून ऐकून घ्यावे.

गायिकेला ‘काळी एक’ हवी आहे. पट्टी बदलल्यावर खुणांचा गोंधळ का होतो?

ट्रान्सपोज आज्ञेला आपण स्वराचे नाव देतो, पट्टीवरची जागा देत नाही. पांढरी एकमधली, म्हणजे सीमधली, चाल काळी एकवर नेताना ‘सी ते सिस’ लिहिले तर सात शार्पांची की येते. ‘सी ते देस’ लिहिले तर पाच फ्लॅट येतात. आवाज एकच, पण वाचणाऱ्याला दुसरे सोपे. काळी दोनच्या बाबतीत फरक आणखी मोठा आहे : ‘दिस’ लिहिल्यास दुहेरी शार्प येतात, ‘एस’ लिहिल्यास केवळ तीन फ्लॅट. बी फ्लॅट ट्रम्पेट किंवा क्लॅरिनेटसाठी स्वतंत्र भाग काढताना ‘बेस ते सी’ (सीपुढे अपॉस्ट्रॉफी देऊन) असे एक स्वर वर न्यावे, आणि मूळ चाल एका चलात (नाव दिलेल्या तुकड्यात) ठेवून तिच्यातूनच सगळे भाग काढावेत, म्हणजे दुरुस्ती एकाच जागी करावी लागते.

मराठी शब्द स्वरांखाली चौकोन किंवा भलतीच अक्षरे होऊन येतात.

चौकोन येत असतील, तर देवनागरी फॉन्ट संगणकावर नाही किंवा सॉफ्टवेअरला सापडत नाही. नोटो सेरिफ देवनागरीसारखा युनिकोड फॉन्ट बसवून लिरिक-टेक्स्टच्या फॉन्टनेम गुणधर्मात त्याचे नाव तंतोतंत लिहावे. भलतीच रोमन अक्षरे येत असतील, तर गाण्याचे शब्द शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले आहेत. ते आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावे लागतात, दुसरा इलाज नाही. फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन करावी आणि वर्ड प्रोसेसरमध्ये कधीही लिहू नये, कारण तो सरळ अवतरणचिन्हे वळवून टाकतो आणि मग फाइल चालत नाही.

शब्द आणि स्वर यांची जोडी चुकते. अक्षरे एक-एक घर पुढे का सरकतात?

लिरिक्स-टू (शब्द चालीला जोडणारी आज्ञा) पद्धतीत एका स्वराला एक अक्षरगट मिळतो. स्लरखालचे सर्व स्वर मिळून एक मानले जातात, आणि टायने (एकच स्वर लांबवणाऱ्या कमानीने) जोडलेलेही. म्हणजे अक्षर कुठे बसेल हे स्लर ठरवतो. हरकतीवर स्लर द्यायचा राहिला, की पुढचे अक्षर त्या हरकतीच्या दुसऱ्याच स्वराखाली येऊन बसते. स्लरचा उघडता कंस पहिल्या स्वराच्या आधी नव्हे, नंतर लिहायचा असतो, हेही तपासावे.

शब्द फोडण्यासाठी दोन्ही बाजूंना जागा सोडून दोन संयोगचिन्हे लिहावीत, आणि शब्दाचे शेवटचे अक्षर लांबवायचे असल्यास दोन अंडरस्कोर. जोडाक्षर कधीही फोडू नये. ‘आत्मा’ हा शब्द ‘आ’ आणि ‘त्मा’ असा फोडावा. ‘आत्’ आणि ‘मा’ असा फोडल्यास पाय मोडलेला त कागदावर दिसतो, आणि गाणाराही तिथे नको इतका थांबतो. ‘सूर्य’ फोडताना रफार ‘र्य’सोबतच राहील असे पाहावे.

एक चूक मी स्वतः केलेली सांगतो, कारण ती मराठीत लिहिणाऱ्यांनाच होते. एका गायनवृंदासाठी अभंगाची चाल लिहिताना चरणाच्या शेवटी जागा सोडून दंड टंकला होता. सॉफ्टवेअरने दंडाला स्वतंत्र अक्षरगट मानले आणि त्याला एक स्वर देऊन टाकला. दुसऱ्या चरणापासून प्रत्येक अक्षर एका घराने मागे पडले. छापील प्रती वाटून झाल्यावर, पहिल्या तालमीत सोप्रानो (सर्वांत उंच आवाजाच्या गायिका) अडखळल्या तेव्हा ते लक्षात आले. दंड हवा असेल तर शेवटच्या अक्षराला चिकटवूनच लिहावा. उलटपक्षी, मराठी कीबोर्ड चालू असताना स्वरांमध्ये बारचेकच्या जागी दंड टंकला गेला तर डोळ्यांना दोन्ही रेघा सारख्याच दिसतात, सॉफ्टवेअरला मात्र तो अनोळखी शब्द वाटतो. स्वरांच्या लांबीसाठी देवनागरी अंक पडले तरी हेच होते. कारण न सापडणारी चूक असेल, तर ती ओळ इंग्रजी कीबोर्डने पुन्हा टंकून पाहावी.

शब्द स्टाफला चिकटतात, वेलांट्या आणि रफार स्वरांच्या दांड्यांवर आदळतात.

देवनागरीत अक्षराच्या वर मात्रा आणि खाली उकार असल्याने रोमन लिपीपेक्षा उंची जास्त लागते. लिरिक्स आणि त्यांचा स्टाफ यांच्यामधील अंतराच्या गुणधर्मात पॅडिंग थोडे वाढवावे. स्टाफच्या दोन रेघांमधल्या अंतराच्या निम्म्यापासून सुरुवात करून छापील प्रत पाहत जावे. फॉन्ट लहान करण्याचा मोह टाळावा, कारण गाणारे कागद हातभर लांब धरतात. कडव्यांचे क्रमांक स्टँझा गुणधर्मात द्यावेत, अक्षरांत मिसळू नयेत.

सर्वांत वर एक रिकामा, जादा स्टाफ छापला जातो.

‘न्यू स्टाफ’च्या आधीच स्टाफसंबंधी एखादी ओव्हरराइड (मूळ मांडणी बदलणारी) आज्ञा लिहिली गेली आहे. त्या क्षणी स्टाफ अस्तित्वात नसल्याने सॉफ्टवेअर तिच्यासाठी एक बनवते. ती आज्ञा संबंधित स्टाफच्या कंसात न्यावी, किंवा सर्वच स्टाफना लागू करायची असेल तर लेआउटमधील कॉन्टेक्स्टमध्ये.

‘अनएक्स्पेक्टेड न्यू’ अशी चूक येते.

स्कोअरच्या कंसात एकच संगीतखंड बसतो. दोन स्टाफ एकाखाली एक हवे असल्यास दोघांना मिळून दुहेरी कोनी कंसात बंद करावे.

शेवटच्या पानावर एकच ओळ उरते. पान नीटनेटके कसे बसवावे?

प्रथम स्वर आणि शब्द पूर्ण शुद्ध करावेत. त्यानंतर स्टाफचा आकार ठरवावा : मूळ आकार २० पॉइंट, म्हणजे सुमारे ७ मिलिमीटर आहे. गीतपुस्तिकेसाठी १६च्या आसपास चालतो, स्टँडवर ठेवून वाजवायच्या भागासाठी २०च ठेवावा. मग पेपरच्या कंसात पेज-काउंट किंवा सिस्टम-काउंट देऊन एकूण पाने वा ओळी सांगाव्यात, आणि अंतरांची वाटणी सॉफ्टवेअरवर सोपवावी. पहिल्या ओळीची आत सरकलेली सुरुवात नको असल्यास इंडेंट शून्य करावा.

ब्रेक आणि पेज-ब्रेक या आज्ञा सर्वांत शेवटी, आणि वादकाला पान उलटायला विराम मिळावा अशाच जागी द्याव्यात. त्या आधी दिल्या, की पुढची प्रत्येक दुरुस्ती त्यांना पुन्हा मोडते. त्यांना स्वरांत न मिसळता अदृश्य विरामांच्या वेगळ्या चलात ठेवणे मला सर्वांत सोयीचे वाटते, कारण मग एकाच चालीची ए-४ आणि ए-५ अशी दोन मांडणी स्वरांना हात न लावता करता येते.

इंटरनेटवरून घेतलेली जुनी फाइल चालत नाही.

फाइलच्या पहिल्या ओळीतील व्हर्जन पाहावे आणि सोबत मिळणारे कन्व्हर्ट-एलवाय (जुनी फाइल नव्या व्हर्जनला जुळवणारे साधन) चालवावे. म्युटोपिया या मुक्त स्वरलिपींच्या ऑनलाइन संग्रहातील अनेक फाइली जुन्या व्हर्जनच्या आहेत. हाताने दुरुस्ती करताना ट्रिपलेटकडे (दोन स्वरांच्या वेळेत तीन स्वर) लक्ष द्यावे : जुनी टाइम्स आज्ञा २/३ असा अपूर्णांक घेते, २.१८ पासून वापरात असलेली टुपलेट ३/२ घेते. नाव बदलून अपूर्णांक तसाच ठेवला, की बार लांबतो. आपल्या प्रत्येक नव्या फाइलमध्ये व्हर्जन लिहावे.

मिडी (ऐकण्याची) फाइल तयार होते, पण पीडीएफ येत नाही, आणि पुनरावृत्तीही वाजत नाही.

स्कोअरमध्ये मिडीचा कंस दिला, की लेआउटचाही वेगळा द्यावा लागतो. पुनरावृत्ती ऐकू येण्यासाठी संगीताआधी अनफोल्ड-रिपीट्स लिहावे, पण त्यासाठी दुसरा स्कोअर करावा, नाही तर कागदावरही ती उलगडून छापली जाते. छापण्याआधी मिडी एकदा ऐकावीच. डोळ्यांना न दिसलेला सप्तकाचा घोटाळा कानाला लगेच कळतो.

इतके करूनही अडले, तर मदत कशी मागावी?

संपूर्ण रचना पाठवू नये. फाइलची प्रत करून तीतून शीर्षक, शब्द, इतर आवाज, मांडणीच्या आज्ञा असे एक-एक काढत जावे आणि दर वेळी दोष टिकून आहे का ते पाहावे. शेवटी दोन-तीन बार उरतील. ते बार, व्हर्जनचा क्रमांक, आलेली तक्रार शब्दशः आणि कागदावर काय दिसायला हवे होते ते एका वाक्यात, एवढे पाठवावे. फाइलचे छायाचित्र नव्हे, मजकूरच पाठवावा, म्हणजे उत्तर देणाऱ्याला तो स्वतः चालवून पाहता येतो.